भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर पावसाळ्यात तीच ओल? रंगाऱ्याला फोन करायच्या आधी हे करून बघा

फ्लॅट भाड्याने दिलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं हे रडगाणं आहे. मे महिन्यात जुना भाडेकरू जातो, आपण पोपडे खरवडून, पुट्टी भरून, रंग मारून फ्लॅट चकाचक करतो, जूनमध्ये नवीन माणसं राहायला येतात आणि ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, काका भिंतीला परत ओल आलीय. मग रंगारी म्हणतो डॅम्पप्रूफ मारू, प्लंबर म्हणतो वरच्यांचं बाथरूम फोडल्याशिवाय काही होणार नाही, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो फोडायचं कामच नाही नुसतं केमिकल सोडू, आणि सेक्रेटरी म्हणतात हे तुमचं तुम्ही आपसात बघा. या चौघांपैकी एकानेही ती ओल कधी वाढते आणि कधी थांबते हे विचारलेलं नसतं. सगळे डाग कुठे आहे तेवढंच बघतात, आणि पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरलेलं असेल असं अजिबात नसतं, स्लॅबच्या आतून सरकत सरकत ते खोलीच्या दुसऱ्या टोकालाही निघतं. म्हणून मी आता कोणी विचारलं की पहिला प्रश्न एकच करतो, कधी?

पाणी येऊन येऊन येणार कुठून, तर पावसाचं, नळाच्या लाइनीतलं, बाथरूम-किचनमधून वाहून जाणारं, नाहीतर हवेतलं (एसीचं पाणी यातच धरा). चौघांची वागणूक वेगळी असते. पावसाचं पाणी पावसाबरोबर येतं आणि पावसाळा संपला की हळूहळू जातं. नळाच्या लाइनीला कायम प्रेशर असतं त्यामुळे ती गळत असेल तर दिवस-रात्र, घरात कोणी असो नसो, ओल वाढतच राहते. वापराचं पाणी माणसं घरात असली की येतं. आणि हवेतलं पाणी, एसीचं सोडलं तर, भिंतीच्या आत नसतंच, वर येऊन बसलेलं असतं. हे ओळखायला हजारो रुपयांचं मशीन लागत नाही, एक पेन्सिल लागते.

पेन्सिलचा उपाय

भाडेकरूला सांगायचं, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो पाठवा, दोन-तीन दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवीन रेघ, नवीन तारीख. भिंत तशीही रंगवायचीच आहे, त्यामुळे रेघा मारल्या म्हणून काही बिघडत नाही. सोबत एवढंच लिहून ठेवायला सांगा की पाऊस कधी पडला, घरी कोणी कधी नव्हतं, एसी कधी चालला. बहुतेक भाडेकरू हे करतात, त्यांनाही त्या ओलीचा त्रास होतच असतो, फक्त आपण कधी नीट विचारत नाही.

माझ्या कोथरूडच्या फ्लॅटचंच सांगतो. नव्वदच्या दशकातली चार मजली बिल्डिंग, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बेडरूमची एक भिंत आणि बाथरूमची भिंत पाठीला पाठ, आणि बेडरूमच्या बाजूने स्कर्टिंगच्या वर फूट-दीड फूट ओल, वर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. सगळ्यांचं एकमत की वरच्यांचं बाथरूम. पेन्सिलच्या रेघा चालू होत्या, तेवढ्यात गणपतीला भाडेकरू गावाला गेले. जाताना मी मुद्दाम सांगितलं होतं की बाहेरचा कॉक बंद करू नका, नळ बंद ठेवा पण लाइन चालू राहू दे. त्या आठवड्यात पुण्यात पाऊस होता, वरचे घरीच होते, त्यांच्या अंघोळी चालू होत्या, आमच्या लाइनीला प्रेशर होतं, आणि तरीही डाग रेघेच्या आत राहिला आणि शेवटी शेवटी कडा सुकायला लागल्या. म्हणजे पाऊस गेला, वरचे सुटले, नळाची लाइनही सुटली, उरलं काय तर आमच्याच बाथरूममध्ये अंघोळ करताना जमिनीवर पडणारं पाणी. खाली बसून टॉर्चने बघितलं तर जमिनीची फरशी आणि भिंतीची टाइल जिथे मिळते त्या कोपऱ्यातला पांढऱ्या सिमेंटचा जोड जवळपास शिल्लकच नव्हता, नखाने भुसभुशीत निघत होता. म्हणजे वरच्यांच्या बाथरूमला हात न लावता काम आमच्याच घरात होतं.

तो जोड गेला कशाने, तर अॅसिडने. भाडेकरू जाताना डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून बाथरूम घासून घेतात, किंवा आपणच साफसफाईवाल्याला बोलावतो, आणि तो बाटलीभर अॅसिड ओततो, टाइल्स चमकतात, सगळे खूश. अॅसिड क्षार खातं तसं सिमेंटही खातं. दर भाडेकरूमागे एकदा असं झालं की काही वर्षांत जोड पोकळ होतो आणि पुढच्या भाडेकरूच्या काळात पाणी खाली उतरायला लागतं. कारण आणि परिणाम यात इतकं अंतर असतं की कोणी ते जोडतच नाही. आता आमच्याकडे अॅसिड बंद, करारातच लिहिलंय.

इथे फसायला होतं

पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी छत ठिबकतंय म्हणजे पावसाचं नाही, वरच्यांचंच आहे, हे मी खूप लोकांकडून ऐकतो. तसं नसतं. आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि नंतर कित्येक दिवस सोडत राहतो. बाथरूमच्या खालीही तेच, स्लॅब खाली घेऊन त्यात भराव टाकलेला असतो, तो एकदा पाण्याने भरला की वरची माणसं परगावी गेली तरी खाली ओल दिसतच राहते. त्यामुळे एका दिवसावरून निकाल लावू नका, आठवडाभराच्या रेघा बघा, आणि ओल आहे की नाही यापेक्षा ती वाढते आहे की थांबली आहे तेवढंच बघा.

दुसरी फसगत रंगीत पाण्याची. वरच्या बाथरूममध्ये खायचा रंग टाकून पाणी सोडतात आणि खाली रंग आला नाही की वरचे म्हणतात बघा आमचं नाही. खाली रंग आला तर प्रश्नच मिटला, पण नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण कोबा, भराव आणि प्लास्टर यातून झिरपताना रंग वाटेतच अडकू शकतो.

तिसरी, कपाटामागची काळी बुरशी. पावसाळ्यात भाडेकरू खोलीतच दोऱ्या बांधून कपडे वाळवतात, खिडक्या बंद, बाहेरच्या भिंतीला चिकटवून कपाट, आणि मागे बुरशी. हे गळतीचं असेलच असं नाही. जाड प्लास्टिकचा वितभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून त्या भिंतीवर एक-दोन दिवस चिकटवून ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं, मागच्या म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतून येतंय. हवेतलं असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडी ठेवा, इथे वॉटरप्रूफिंगवाल्याचं काहीच काम नाही.

आणि एसी. ओल उन्हाळ्यात येते आणि पावसाळ्यात कमी होते असं कोणी म्हणालं की मी आधी एसीची ड्रेनची नळी बघायला सांगतो. ती चोंदलेली असते नाहीतर उताराला नसते, आणि पाणी मागच्या मागे भिंतीत जातं. तुमचा एसी नसेल तर वरच्यांचा बघा.

नक्की कुठून, हे बघायचं कसं

नळाच्या लाइनीचा संशय असेल आणि फ्लॅटला स्वतःचं मीटर असेल तर सोपं आहे, सगळे नळ बंद करून मीटर फिरतंय का बघायचं, फ्लशची टाकी आणि वॉशिंग मशीनचा नळ विसरायचा नाही. मीटर नसेल तर प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला सांगा, हातपंपाने लाइनीत प्रेशर भरतात आणि काटा खाली येतो का बघतात, गार आणि गरम लाइन वेगवेगळी तपासायला लावा. जुन्या बिल्डिंगांमध्ये भिंतीत गाडलेले लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात आणि गळती बहुतेक एल्बोला नाहीतर मिक्सरच्या मागे असते. तिथे एक एल्बो बदलून पाच-सहा महिन्यांनी परत दुसरी फोडण्यापेक्षा त्या बाथरूमची लाइनच सीपीव्हीसीमध्ये (गरम पाणीही सोसणारे प्लास्टिकचे पाइप) बदलून घेतलेली परवडते.

बाथरूमच्या जमिनीसाठी नहाणीचा ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) गच्च बुजवून इंचभर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं. पण त्याआधी एक करा, ट्रॅप उघडा ठेवून नुसतं पाणी वाहू द्या, फरशीवर साठू देऊ नका, अगदी पाइप थेट जाळीत सोडा. यातच खाली ओल वाढली तर दोष ट्रॅपचा किंवा त्याखालच्या पाइपाचा आहे, फरशीचा नाही. हा क्रम उलटा केला की दोन्ही एकत्र होतात आणि अख्खी फरशी उगाच फोडली जाते.

पावसाचा संशय असेल आणि तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर नसाल तर बाहेरची भिंत आणि खिडकी. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजतात, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आत उतरतं. सेफ्टी पिनने भोकं मोकळी करणं हा या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय. तरी थांबलं नाही तर पावसाळ्यानंतर बाहेरून नळीने पाणी मारून बघा, मात्र खालून सुरू करा, आधी खिडकीखालची भिंत, मग चौकट, मग छज्जा. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि कळत काहीच नाही.

एक गोष्ट मात्र टेस्ट वगैरेच्या आधी. ओल स्विचबोर्डजवळ किंवा छतातल्या लाइटच्या पॉइंटला आली असेल, किंवा मेन स्विच वारंवार ट्रिप होत असेल, तर तो सर्किट बंद करायला लावा आणि इलेक्ट्रिशियन पाठवा, त्याच दिवशी. भाडेकरू म्हणेल चालतंय काका, नाही चालत. तसंच छताचा तुकडा पडून आतली गंजलेली सळई दिसत असेल तर तिथे गवंड्याकडून नुसता गिलावा करून घेऊ नका, तो रंगाचा विषय राहिलेला नाही, इंजिनिअरला दाखवा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) व्हायला हवं, तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं ते विचाराच.

सोसायटी आणि वरचे

सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधींमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, सामायिक पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप, पावसाच्या पाण्याची गळती हे सगळं सोसायटीच्या खर्चात. एवढंच नाही, तर गच्चीतून गळून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही सोसायटीने करायचं. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि स्वतःच्या खर्चाने छत करून घेतात. फ्लॅटच्या आतलं बाथरूम-सिंकचं मात्र त्या त्या फ्लॅटवाल्यांनी बघायचं, सोसायटीने फक्त मध्ये पडायचं. पुष्कळ ठिकाणी वरच्याने आणि खालच्याने अर्धा अर्धा खर्च करायची प्रथा आहे, आणि खरं सांगू का, भांडणात दोन पावसाळे घालवण्यापेक्षा अर्धे देऊन मोकळं झालेलं बरं असं माझं मत आहे, बायकोला अजिबात पटत नाही तो भाग वेगळा.

पुण्यात पुष्कळ बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या. तिथे सोसायटीचे उपविधी दाखवून उपयोग नाही, तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे अपार्टमेंटचा नोंदवलेला घोषणापत्राचा दस्त, काढून वाचा. आणि बिल्डिंग नवीन असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर रेरा या बिल्डरांसाठीच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. पाच वर्षं संपत आली असतील तर आधी त्याला लेखी कळवा आणि मगच प्लंबरला हात लावू द्या.

वरचे दारच उघडत नसतील तर फोन आणि जिन्यातली बोलणी बंद, सेक्रेटरींना लेखी अर्ज, तारखा असलेले पेन्सिलचे फोटो जोडून, आणि पोच घ्यायची. सूचना देऊन फ्लॅटची पाहणी करायचा अधिकार कमिटीला उपविधींनीच दिलेला असतो. कमिटीही हलली नाही तर सहकार खात्याचे उपनिबंधक आणि पुढे सहकार न्यायालय आहे, पण माझ्या बघण्यातली बहुतेक प्रकरणं तारखांचे फोटो टेबलावर आले की त्याच मीटिंगमध्ये मिटलीत, कारण रेघा बघितल्यावर वाद घालायला फारसं काही उरत नाही.

उलटही होतं हे लक्षात ठेवा. तुमचा फ्लॅट खालच्यांच्या डोक्यावर गळत असतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो, कारण तुमच्या भाडेकरूचं घर कोरडं आहे, तो कशाला सांगेल. खालच्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असू द्या, विशेषतः तुम्ही परगावी किंवा परदेशात राहत असाल तर. नाहीतर तुम्हाला बातमी थेट सोसायटीच्या नोटिशीतूनच कळते.

भाडेकरू, डिपॉझिट वगैरे

ओलीने गेलेला रंग भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापू नका. जे पाणी भिंतीत आधीपासून आहे त्याचे पैसे त्याने का द्यायचे. नहाणीची जाळी काढून ट्रॅपमध्ये कचरा घातला, भिंतीला ड्रिल मारून पाइप फोडला, हे वेगळं, ते कापा, पण मग राहायला येतानाचे फोटो तुमच्याकडे हवेत. करारात एवढं टाका की ओल किंवा गळती दिसली की आठ दिवसांत कळवायचं, दुरुस्तीसाठी आधी सांगून माणूस पाठवला तर घरात येऊ द्यायचं, आणि अॅसिड वापरायचं नाही. बेडरूम वापरता येत नसेल तर तेवढ्या काळाचं भाडं आपण होऊन थोडं कमी करा, चांगला भाडेकरू गेला तर एक महिना फ्लॅट रिकामा, ब्रोकरचे पैसे परत, हिशोब करून बघा. आणि वॉटरप्रूफिंगचं बिल इन्कम टॅक्समध्ये वेगळं मिळेल या भरवशावर राहू नका, भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्ती त्यातच आली, पाच हजार खर्च करा नाहीतर लाख.

दुरुस्तीचा क्रम सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही. आधी पाणी बंद, मग लोणा लागलेलं आणि पोकळ झालेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून टाकायचं, मग भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, मग प्लास्टर, ते वाळलं की पुट्टी, शेवटी रंग. वाळू द्यायचं म्हणजे आठवडे, दिवस नाही. ओल्या भिंतीवर आतून डॅम्पप्रूफ मारलं की पाणी मागे अडकतं आणि तो थर फुगून पापडासारखा सुटतो, शिवाय ओल बाजूला सरकून कोरड्या भिंतीत निघते. बाथरूमच्या जोडांना पांढरं सिमेंट भरण्यापेक्षा इपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे, लावणारा हात चांगला हवा, पण टिकतं. फक्त ग्राउटने ट्रॅपची गळती थांबणार नाही, म्हणून तर आधी ती टेस्ट. दहा वर्षांची गॅरंटी देणाऱ्याला विचारा की परत गळलं तर फोडण्याचा आणि टाइल्सचा खर्च कोणाचा, आणि ते कागदावर लिहून द्यायला सांगा. तिथेच निम्मे गळतात.

आता मे महिन्याचा मुद्दा. आपले करार अकरा महिन्यांचे असतात आणि सरकत सरकत फ्लॅट बऱ्याचदा एप्रिल-मेमध्ये रिकामा होतो, तेव्हा भिंत कोरडीठाक असते, दोष दिसत नाही, आणि जूनच्या आत फ्लॅट द्यायची घाई. अकरा महिन्यांचं बंधन महाराष्ट्रात तसं काहीच नाही, इथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी तो नोंदवायचाच असतो, आणि लिव्ह अँड लायसन्स (आपला नेहमीचा भाडेकरार) ६० महिन्यांपर्यंत करता येतं, स्टँप ड्युटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का. म्हणून पुढचा करार करताना मुदत अशी घाला की ती सप्टेंबरअखेर संपेल. फ्लॅट ओला असतानाच रिकामा हातात येतो, टेस्ट करायला घर मोकळं असतं, ऑक्टोबरच्या उन्हात भिंती वाळतात आणि दिवाळीनंतर रंगारी मोकळे असतात. एखाद-दुसऱ्या महिन्याचं भाडं बुडेल. रिकाम्या काळात दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला कोणाला तरी सांगून ठेवा, नाहीतर ट्रॅप सुकतात आणि फ्लॅट दाखवायला दार उघडलं की झुरळं आणि गटाराचा वास.